अंगठा

"गार पडू दे," दस्तगीरचाचा म्हणाले,
तेव्हा साडेपाच वाजले होते
आणि नेसरीचे तोरस्कर गुरुजी
घड्याळाकडं नाही, माझ्याकडं बघत होते,
जणू इंजिन मीच तापवलं होतं.

गरम इंजिन खोटं बोलतं.
हेड फुगतं, पुल्या एकमेकींपासून सरकतात,
सैल पट्टाही ताठ असल्याचा आव आणतो.
म्हणून रात्रभर बॉनेट उघडं.
उद्यमनगरातले लेथ एकेक करून गप्प झाले.
समोरच्या फाउंड्रीत तेवढा एक माणूस
वाळूचे साचे मोडत बसला होता.

सकाळी खुणा जुळवल्या.
क्रँकची खाच, कॅमची खाच,
डिझेल पंपाच्या पुलीवरचा पांढरा ठिपका.
नवा पट्टा दातात दात धरून चढवला.
आता चिमटीतलं काम उरलं.

सगळ्यात लांब सरळ भागात
अंगठा आणि तर्जनीत पट्टा धरायचा, पिळायचा.
काटकोनापर्यंत यावा.
पुढं येऊ नये, अलीकडं अडू नये.
पुस्तकात एवढंच होतं,
आणि पुस्तकाचं ते पान तेलानं आरपार दिसायचं.

चाचांनी धरला. पिळला. सोडला. पुन्हा धरला.
मग स्वच्छ हात उगाच चिंधीला पुसत
हळूच म्हणाले, "शालन, तू बघ."

गेल्या उन्हाळ्यापासून त्यांच्या बोटांना
चहाचा कप किती पोळतो ते कळत नव्हतं.
शुगर, डॉक्टर म्हणाले होते.
गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं.
मला होतं, कारण कप मीच देत होते.

मी धरला.
"किती हाय?"
"घट्ट हाय."
"घट्ट तर दगड बी असतोय. किती?"

सुभाषनगरात आमच्या घरी
आई चपलेच्या अंगठ्याला वादी ओवायची.
ओढत ओढत एका जागी थांबायची.
का थांबलीस विचारलं तर म्हणायची,
हितं कातडं हूं म्हणतंय.
त्या हूंच्या पुढं टाका फाटतो,
अलीकडं पाय निसटतो.

"नवी चप्पल," मी चाचांना म्हणाले,
"पयल्या दिवशीची. अजून पायात बसली न्हाई."
ते हसले नाहीत.
"मग केसभर सोड."

सोडला केसभर. नट आवळला.
पाना लावून क्रँक हातानं फिरवला, दोन फेरे,
चालीच्याच दिशेनं, उलट एक दातसुद्धा नाही.
खुणा पुन्हा समोरासमोर आल्या.
पट्टा मात्र या वेळी जरा कमी वळला.
मला वाटलं, भास असेल.
गुरुजी दारात उभे होते.
"झालं," मी म्हणाले.

चावी फिरली.
धूर, खडखड, मग एकसूर.
आणि त्या एकसुराच्या वर एक बारीक शीळ,
कुणी पातेल्याच्या काठावरनं
ओलं बोट फिरवावं तशी.
गुरुजींनी ऐकली नाही.
त्यांना भाचीच्या लग्नाला पोचायचं होतं,
मागच्या सीटवर आहेराची ताटं बांधलेली.
चाचांनी माझ्याकडं बघितलं.
कान त्यांचे शाबूत होते.

ताठ पट्टा महिनाभर गातो.
मग पाण्याच्या पंपाचं बेअरिंग खातो,
मग कुठल्या तरी घाटात, तिसऱ्या गिअरमध्ये,
पिस्टन वर येतो
आणि व्हॉल्व्ह अजून जागेवरच असतो.
पुढं आवाज नसतो.
फक्त गाडी कडेला घ्यायची.

"बंद करा," चाचा म्हणाले.
"आज गाडी मिळायची न्हाई, गुरुजी.
माझा अंगठा चुकला."

गुरुजी बोलायचं ते बोलले.
ताटं रिक्षात घालून एस.टी. स्टँडला गेले.
इंजिन टक, टक करत गार होऊ लागलं,
म्हणजे पुन्हा एक रात्र.
मी काहीतरी म्हणणार होते.
चाचा स्टुलावर बसले, म्हणाले, चहा सांग.

मी कप आणला.
त्यांच्या हातात देण्याआधी
कडेला अंगठा टेकवला.
"पोळतोय?" त्यांनी विचारलं.
"थांबा जरा," मी म्हणाले.